नेम चुकला कुणाचा?

मराठी माणसाची नेमबाजी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापासून सुरू होते आणि बहुधा जत्रेतल्या फुग्यांपाशी संपते. माझी मात्र थोडी पुढे गेली होती. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना मी पॉइंट टू-टू रायफलने २५ यार्डांवरून पाच गोळ्या अशा मारल्या होत्या, की पाचही भोकांवर एक रुपयाचे नाणे ठेवले तर एकही भोक बाहेर दिसू नये. ही हकीगत मी या पानावर वर्षातून कितीदा सांगतो, याची मोजदाद संपादकांनी ठेवली आहे; आमच्या सौ.नी ती केव्हाच सोडून दिली. तेव्हा "दिवाळी अंकासाठी काहीतरी धूमधडाक्याचे येऊ द्या" असे संपादकांचे फर्मान यावे आणि त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन यावा, याला योग म्हणायचा.

"काका, नवी रायफल आली. दुर्बिणीसकट! रविवारी शहापूरकडे जाऊन पाहायची आहे. येताय ना?"

"येताय म्हणजे? मला सोडून जाशील तर बघ!"

सौ. स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाल्या, "जाताना रुपया घेऊन जा. झाकायला लागेल."

'बंदूक' हा शब्द वाचून पान उलटू पाहणाऱ्या वाचकांनी जरा दम धरावा. ही बंदूक दारूची नव्हे, हवेची. नळीचे भोक ४.५ मिलिमीटरांपेक्षा मोठे नसेल आणि छर्ऱ्याची ताकद २० जूलच्या आत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि रानातले पाखरू टिपायला जाल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. आमच्या पुतण्याला टिपायचे होते ते कागद आणि लोखंडी पत्रे.

हा खेळ आता मराठी घरांना परका राहिलेला नाही. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटरच्या प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. २०२२ साली कैरोमध्ये आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली.

गंमत अशी, की या चौघांपैकी एकाच्याही रायफलीला दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत ती चालतच नाही. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी एक कडे. छिद्रातून कड्यात आणि कड्यातून काळ्या वर्तुळात पाहायचे. १० मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे मोठा.

मग दुर्बीण कशाला? तर या खेळाचे दुसरेही एक घराणे आहे. इंग्लंडात १९८० च्या सुमारास ते सुरू झाले. त्याला फील्ड टार्गेट म्हणतात. मोकळ्या रानात, कमीअधिक अंतरांवर, पार ५० मीटरपर्यंत, पत्र्याचे ससे आणि कावळे उभे करतात. प्रत्येकाच्या अंगात एक लहानसे भोक. छर्रा भोकातून गेला तर कावळा आडवा होतो. पत्र्याला लागला तर नुसता टण् आवाज करून तो आपल्याकडे पाहत उभा राहतो. अंतर किती, हे कुणी सांगत नाही. ते दुर्बिणीने आपले आपण ओळखायचे. पुतण्याला याचे वेड लागले होते आणि पहिल्या पगारापासून साठवलेले पैसे त्याने या वेडाच्या स्वाधीन केले होते.

रविवारी पहाटे आम्ही ठाण्याहून निघालो. भाद्रपद सरत आला होता. पडघा मागे पडले, आसनगावापाशी डाव्या हाताला माहुलीचे सुळके ढगांतून डोकावू लागले आणि शहापूर आले. मुंबईकर ज्या पाण्याचा चहा पितात, ते भातसा आणि तानसा या तलावांचे पाणी याच तालुक्यातले. शहापूरला आम्हीही चहा घेतला. पुतण्याने दोन कप आणले तेव्हा मी माझा कप काउंटरवरच ठेवून, वाकून पहिला घोट घेतला. "गरम आहे रे," मी म्हणालो. गेले वर्षभर माझा चहा फार गरम असे.

तिथून किन्हवलीच्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना भात लोंब्यांवर आलेले, बांधावर तेरडा फुललेला. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला, पुतण्याच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचे शेत आहे. खाचरांच्या वरच्या अंगाला त्यांनी माळ साफ करून, मागे दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध घालून नेमबाजीची रेंज केली आहे. १० मीटरपासून ५० मीटरपर्यंत चुन्याच्या रेघा मारलेल्या.

सुभेदारसाहेबांनी आधी रायफलीला हातही लावू दिला नाही. "पहिला नियम," ते म्हणाले, "रिकामी असली तरी भरलेली समजायची. दुसरा, नळीचे तोंड कायम बांधाकडे. तिसरा, नेम धरल्याशिवाय बोट चापावर ठेवायचे नाही." मग मुरबाडच्या दिशेने हात करून म्हणाले, "तिकडे सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. या मुलखाला गोळी काय असते ते ठाऊक आहे. आपण खेळायला आलोय, हे विसरायचे नाही." माझ्या जिभेवर आलेली रुपयाची हकीगत मी मुकाट्याने गिळली.

रायफल पेटीतून निघाली. काळी, सडपातळ, अक्रोडाच्या दस्त्याची. नळीखाली हवेची टाकी. तिच्यात पंपाने हवा भरायची. आम्ही लहानपणी सायकलीत भरायचो तसाच पंप, पण दाब मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या सुमारे नव्वदपट. पन्नास वेळा पंप मारल्यावर मी पुतण्याला सांगितले, की तरुण पिढीने व्यायाम करावा.

मग दुर्बीण जुळवण्याचे काम. आम्हां बाहेरच्यांची समजूत अशी, की दुर्बीण लावली म्हणजे नेम आपोआप लागतो. तसे काही नाही. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंच बसलेली असते. ती सरळ रेषेत पाहते. छर्रा मात्र निघाल्या क्षणापासून खाली पडत असतो. ५० मीटर जायला त्याला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो जवळजवळ फूटभर खाली आलेला असतो. म्हणून नळीचे नाक किंचित वर ठेवून, छर्रा एका ठरावीक अंतरावर दुर्बिणीच्या फुलीवर येईल असे जुळवतात. आम्ही ते अंतर ३० मीटर धरले. मग ५० मीटरवर छर्रा सुमारे चार इंच खाली लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण १० मीटरवरही तो अर्धा इंच खालीच लागतो! कारण इतक्या जवळ तो दुर्बिणीच्या रेषेपर्यंत अजून चढलेलाच नसतो. जवळची माणसे आपल्याला नीट दिसत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

पुतण्याने रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून ३० मीटरवरच्या कागदावर पाच छर्रे मारले. पाचही मध्यापासून चार सेंटिमीटर डावीकडे, पण एकमेकांना चिकटून. त्याचा चेहरा पडला. सुभेदारसाहेबांचा खुलला.

"पोरा, हे लक्षात ठेव. पाचही एकाच जागी चुकले, तर चूक दुर्बिणीची. स्क्रू फिरवला की सुटली. पाच पाच दिशांना गेले, तर चूक माणसाची. तिला स्क्रू नाही."

दुर्बिणीच्या बाजूला एक चकती असते. ती फिरवली की खटका वाजतो. एक खटका म्हणजे ३० मीटरवर दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त. अठरा खटके उजवीकडे दिले आणि सहावा छर्रा बरोबर मध्यात बसला. मग तासभर पुतण्याने पत्र्याचे कावळे आडवे केले. दुर्बिणीची बाजूची मूठ फिरवून चित्र स्वच्छ करायचे, मुठीवरचा आकडा वाचायचा, तेच अंतर. त्यावरून फुली किती वर धरायची ते ठरवायचे. दोरी ओढून कावळे पुन्हा उभे करण्याचे काम माझ्याकडे होते.

"काका, आता तुम्ही."

मी उभा राहिलो. पिशवीबिशवी नको म्हणालो. एन.सी.सी.चा माणूस! दस्ता खांद्याला लावला, डोळा दुर्बिणीला.

आणि कावळा नाचू लागला.

आधी वाटले, वारा असेल. पण कावळ्याशेजारचे गवत स्थिर होते. हलत होती ती फुली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर. मी श्वास रोखला, ती थांबेना. चाप ओढला. माती उडाली. पाच छर्रे मारले. दोन कागदाला लागले, तेही दोन कोपऱ्यांना. एकाने लाकडी चौकटीचा टवका काढला. उरलेल्या दोघांचे काय झाले ते बांधाला माहीत.

"दुर्बीण सरकली वाटते," मी म्हणालो.

सुभेदारसाहेबांनी रायफल घेतली आणि कुठलाही स्क्रू न फिरवता पाच छर्रे मध्यात मारले. बोलले काहीच नाहीत.

खालच्या खाचराच्या बांधावर एक म्हातारा भाताची राखण करीत बसला होता. हातात गोफण. पाखरांचा थवा उतरला की एक दगड सणसणत जाई आणि थवा उठे. तो मघापासून आमचा खेळ पाहत होता. तो हसला नाही. नुसते म्हणाला, "भाऊ, बंदूक चांगली हाये. हात हालतोय तुमचा."

वाचकहो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. वर्षभर ठाऊक होती. म्हणून तर बशीतून चहा पिणे मी 'जुनाट' ठरवून सोडून दिले होते. बँकेत सही जुळेना, तेव्हा पेनाला दोष दिला होता. भाजीत मीठ घालताना ते ओट्यावर सांडले, तर बरणीचे तोंड मोठे होते. प्रत्येक चुकीला मी एकेक स्क्रू शोधून काढला होता. कारण आमच्या वडिलांची शेवटची सहा वर्षे कंपवातात गेली. ज्या हातांनी त्यांनी आम्हांला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली, त्या हातांना अखेरीस घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. आई भरवायची आणि ते दुसरीकडे पाहायचे. माझा हात पहिल्यांदा थरथरला त्या दिवशी मला ते दुसरीकडे पाहणे आठवले, आणि मी ठरवून टाकले की हात थरथरत नाही.

दुर्बीण १२ पटीची होती. ती कावळा १२ पट मोठा करते हे पुतण्याने सांगितले होते. हाताचे हलणेही १२ पट मोठे करते, हे कुणी सांगितले नव्हते.

सुभेदारसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. "हलते सगळ्यांचेच," ते म्हणाले. "चांगल्या नेमबाजाला दुर्बिणीत स्वतःच्या छातीचा ठोका दिसतो. दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढायचा, हेच तर शिकवतात. म्हणून ते जाड जाकीट घालतात, म्हणून महिनोन्महिने एकाच पवित्र्यात उभे राहतात. पण तुमचे हलणे ठोक्याचे नाही. आता असे करा. आडवे व्हा, रायफल पिशवीवर टेकवा, आणि पाच मारा."

मी मारले. पुतण्या धावत जाऊन कागद घेऊन आला. पाचही भोके मध्यात, एकमेकांजवळ! मी खिशातला रुपया काढून वर ठेवला. हल्लीचा रुपया लहान झाला आहे. त्याखाली चारच झाकली.

"डोळा शाबूत आहे, बोट शाबूत आहे," सुभेदारसाहेब म्हणाले. "हात उचलून धरला की बिघडते. हे डॉक्टरला सांगा. लपवू नका."

परतताना आम्ही सरळगावावरून मुरबाडला आलो. याच तालुक्यात म्हसा गावी पौषी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. पुतण्या लहान असताना मी त्याला तिथे नेऊन फुगे फोडून दाखवले होते. आज मुरबाडच्या हॉटेलात त्याने माझ्यासाठी चहा आणला. कप माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला, आणि खिडकीतून बाहेर, मोटारस्टँडकडे पाहत बसला. मी वाकून घोट घेतला. 'गरम आहे' असे म्हणालो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "काका, फुग्यांच्या वेळी माझ्या मागे उभे राहून तुम्ही नळी धरली होती. म्हणून माझे फुगे फुटले. मी तेव्हा कुणाला सांगितले नाही."

घरी आल्यावर रात्री जेवणे आटोपली तशी मी सौ.ना सांगितले. फार प्रस्तावना करून सांगितले. त्या ताटे गोळा करीत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत.

"अहो, आठ महिने झाले, मी तुमचा कप पाऊणच भरते," त्या म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आले नाही?"

नव्हते आले. १० मीटरवरचे दिसत नाही म्हणतात, ते असे.

चार दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात मांडीवर सोडून बसवले आणि नुसते पाहत राहिले. हात शांत. मग हात समोर धरायला लावले, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायला लावले, आणि कागद पुढे करून म्हणाले, "एक चकली काढा. मधून सुरुवात करून बाहेरपर्यंत." माझी चकली पाहून सौ. म्हणाल्या, "काटे चांगले पडलेत!" डॉक्टर हसले. त्यांनी समजावून सांगितले, की कंपवातातली थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते. माझी होती ती हात कामात असताना होणारी, आणि ती वेगळी. ती पुष्कळांना होते, वयाबरोबर वाढू शकते, त्रासदायक आहे, पण वडिलांचे दुखणे ते हे नव्हे. वर्षभर ज्या दाराकडे मी पाठ करून उभा होतो, ते उघडल्यावर आत एवढेच होते.

त्यांनी गोळी लिहून दिली. प्रोप्रॅनोलॉल. पुतण्याने नाव ऐकले आणि ओरडला, "काका, तुम्ही स्पर्धेतून बाद!" ही गोळी हृदयाची गती मंदावते आणि हाताची थरथर कमी करते, म्हणून नेमबाजांना ती घ्यायला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदके याच औषधापायी परत घेतली गेली. जगातल्या मोठमोठ्या नेमबाजांना जे औषध चोरून घ्यावेसे वाटते, ते मला राजरोस मिळते. कॉलेजातल्या रुपयापेक्षा ही बढाई मोठी आहे. पुढले वर्षभर या पानावर ती तुम्हांला ऐकावी लागेल.

नव्या रायफलीची परीक्षा घ्यायला गेलो होतो. ती उत्तम आहे. पुतण्याला तिची सर्व गणिते पाठ झाली आहेत. नेम चुकला होता तो माझा, आणि तो रेंजवर चुकला नाही, घरीच चुकला होता. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती तुमच्याही घरची मंडळी जमतील. त्यांत कुणी कप उचलायला उशीर करीत असेल, कुणी पेपर लांब धरत असेल, कुणी 'ऐकू आले हो' म्हणत भलतेच उत्तर देत असेल. त्यांना हसू नका, आणि दुसरीकडेही पाहू नका. आणि तो 'कुणी' तुम्हीच असाल, तर पेनाला दोष देणे आता पुरे.

आज हे लिहिताना सौ.नी चहा आणून ठेवला. थरथर बरीच कमी झाली आहे, म्हणून मी म्हटले, "अगं, आता भर की काठापर्यंत."

"राहू दे," त्या म्हणाल्या, "मला सवय झाली आहे." आणि उरलेला पाव कप त्यांनी स्वतःच्या कपात ओतला.